रंगचक्राचा स्टॉल: चार रंग म्हणजे प्रत्येकाची शक्यता पाव?

गोदाकाठची (धागाकर्ती)

मंडळी, गणितवाल्यांची मदत हवीय. लेकीच्या शाळेत बाल आनंद मेळावा आहे. बाकीच्या पोरी भेळ, पाणीपुरी, सरबत लावतायत. आमच्या सातवीतल्या बाईसाहेब आणि त्यांच्या मैत्रिणींना मात्र रंगचक्राचा स्टॉल टाकायचाय. नवरात्रात नाशिकच्या कालिकेच्या यात्रेत असलं चक्र पाहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच. दहा रुपयांचं तिकीट, चक्र फिरवायचं, काट्याखाली जो रंग येईल त्याचं बक्षीस.

चक्राचे आठ सारखे भाग केलेत. तीन लाल, दोन निळे, दोन पिवळे, एक हिरवा. लालला लिमलेटची गोळी (१ रुपया), पिवळ्याला खोडरबर (५), निळ्याला पेन (१०) आणि हिरव्याला शंभर रुपयांची कंपासपेटी.

वाद असा की एक मैत्रीण म्हणते, रंग चार आहेत म्हणजे प्रत्येकाची शक्यता चारात एक. लेक म्हणते, हिरवा एकदाच रंगवलाय तर तो कमी येणार. मला लेकीचं पटतं, पण त्या मैत्रिणीला तिच्याच भाषेत पटेल असं कसं सांगायचं? आणि दुसरं, यातून पोरींच्या हाती काही उरेल का? कमाई शाळेच्या वाचनालयाला द्यायचीय आणि भांडवल आयांच्या पर्समधून जाणार आहे.

पंचवटी_एक्सप्रेस

पहिला प्रतिसाद माझा! दहा रुपयांत शंभराची कंपासपेटी? मेळावा कधी आहे आणि कुठल्या शाळेत, एवढंच सांगा. बाकी गणित नंतर बघू.

निवृत्त_मास्तर

ताई, त्या मुलीला काही वेळ रंग विसरायला लावा. आठही भागांवर पेन्सिलने १ ते ८ आकडे घाला आणि विचारा, "३ येण्याची शक्यता जास्त की ६ येण्याची?" ती म्हणेल सारखीच, कारण भाग सारखे आहेत. हे तिच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. पुढे दहावीत बीजगणिताच्या पुस्तकात यालाच समसंभाव्य निष्पत्ती म्हणतात आणि सगळ्या निष्पत्तींच्या संचाला नमुना अवकाश. इथे त्यात आठ घटक आहेत.

आता रंग परत आणा. १, ४, ६ लाल असतील तर "लाल आला" या घटनेत तीन घटक आले. आठांपैकी तीन, म्हणजे ३/८. निळा २/८, पिवळा २/८, हिरवा १/८. बेरीज ८/८, म्हणजे १. बेरीज एक आली नाही तर कुठेतरी भाग मोजायचा राहिला किंवा दोनदा मोजला, ही ताळ्याची युक्ती तिला जरूर द्या. "हिरवा न येण्याची" शक्यताही वेगळी मोजत बसायला नको, एकातून १/८ वजा केला की ७/८.

मैत्रिणीला वेडगळ ठरवू नका बरं का. रंग चार आहेत हे तिचं निरीक्षण खरंच आहे. फक्त त्या चार गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, एवढंच तिच्या नजरेतून सुटलंय. आणि ती चांगल्या पंगतीत बसलीय. द'अलाँबेर हा फ्रान्सचा मोठा गणिती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत त्याने लिहिलं की नाणं दोनदा उडवायचं ठरवलं तर एकदा तरी छापा येण्याची शक्यता २/३. त्याचा हिशोब असा: पहिल्यांदाच छापा आला (मग दुसऱ्यांदा उडवायची गरज नाही), आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तीन प्रकार, त्यातले दोन चांगले. पण पहिला प्रकार बाकी प्रत्येकाच्या दुप्पट वजनाचा आहे. चारही जोड्या मांडल्या की उत्तर ३/४ येतं. त्याची चूक अगदी तुमच्या मैत्रीणबाईंसारखीच. प्रकार मोजले, त्यांचं वजन नाही.

सातपूरकर

मास्तर, छान. पण भाग सारखे नसतील तर? आमच्या चिरंजीवांच्या वर्कशीटवर चक्राचा अर्धा भाग लाल, पाव निळा आणि उरलेल्या पावात पिवळा-हिरवा निम्मे निम्मे. तिथे भाग मोजले तर चार, प्रत्येक रंग एकेकदाच. मग आकडे कसे घालायचे?

निवृत्त_मास्तर

@सातपूरकर, तिथे भाग मोजायचे नाहीत, केंद्राशी होणारा कोन मोजायचा. लाल १८० अंश, निळा ९०, पिवळा ४५, हिरवा ४५. प्रत्येकाला ३६० ने भागा: १/२, १/४, १/८, १/८. आकडेच घालायचे असतील तर सगळ्या चक्राचे ४५ अंशांचे तुकडे पाडा. लालमध्ये चार, निळ्यात दोन आणि उरलेल्या दोघांत एकेक बसतो. आपण पुन्हा आठ सारख्या घरांवर आलो. ताईंच्या चक्रात लाल सलग रंगवला काय आणि विखरून रंगवला काय, शक्यता तीच.

अंबडचा_फिटर

शेवटच्या वाक्याला जरा थांबा, मास्तर. कागदावर तीच. कारखान्यात नाही.

चक्र उभं टांगणार असाल (यात्रेत टांगतात तसं) तर सगळ्यात मोठा धोका वजनाचा. प्लायवूडची गोल चकती कापली, एका बाजूला लाकूड जरा जड असलं, कुठे रंगाचा थर जास्त बसला, की जड बाजू फिरून फिरून खाली येते आणि तिच्या समोरचा रंग वर काट्यापाशी. मग तुमचे ३/८ आणि १/८ गेले गोदेच्या पाण्यात. तपासायची पद्धत सोपी आहे. काट्याची पट्टी काढून ठेवा, चक्र हलक्या हाताने सोडा, थांबलं की सगळ्यात खालच्या बिंदूवर खडूची खूण करा. असं बऱ्याचदा करा. खुणा सगळीकडे पसरल्या तर चक्र ठीक. एकाच बाजूला गर्दी झाली तर ती बाजू जड, तिच्या बरोबर समोर मागच्या अंगाला थोडं एम-सील चिकटवा आणि पुन्हा बघा. आमच्याकडे ग्राइंडिंग व्हीलही अशीच बॅलन्स करतात.

बेअरिंग ६०८ नंबरचं घ्या. स्केटिंगच्या चाकात असतं ते. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, साधा ८ चा बोल्ट चालतो. नुसत्या खिळ्यावर फिरवलं तर भोक ढिलं होत जातं आणि चक्र डुगडुगतं.

आणि एक. लाल विखरून रंगवा. थोडा तोल बिघडलाच तर तो तिन्ही लालांना सारखा बाधणार नाही, काही फायद्यात तर काही तोट्यात जाऊन बरंचसं भागून जाईल. हिरवा मात्र एकटाच आहे, त्याला हा विमा नाही. म्हणून तोल बघाच.

गोदाकाठची

@निवृत्त_मास्तर, आकडे घालायची युक्ती लागू पडली. मैत्रीणबाई स्वतःच म्हणाल्या की लालकडे तीन नंबर आहेत.

@अंबडचा_फिटर, बेअरिंग ऐकून आमच्या घरातले एक गृहस्थ भलतेच उत्साहात आलेत, बोल्ट आणायला निघालेसुद्धा. पण काटा दोन रंगांच्या बरोबर रेघेवर थांबला तर काय करायचं? आत्ताच त्यावरून तिसरं भांडण पेटलंय.

अंबडचा_फिटर

यात्रेतल्यासारखे हद्दीवर खिळे ठोका आणि वर पातळ प्लास्टिकची पट्टी लावा. पट्टी दोन खिळ्यांच्या मधे पडते, रेघेचा प्रश्नच उरत नाही. टर्रर्र आवाजाने गर्दी जमते ती वेगळी. खिळ्यांमधलं अंतर मात्र मोजून ठेवा.

खिळे नको असतील तर "रेघ आली की पुन्हा फिरवा" हा नियम पाटीवर आधीच लिहा. चक्राची त्रिज्या २० सेंमी धरली तर परीघ साधारण १२५७ मिमी. २ मिमी जाडीच्या आठ रेघा म्हणजे १६ मिमी. सव्वा टक्का. ऐंशी वेळा फिरवलं तर सरासरी एकदा. त्याने कुठल्याच रंगाचं नुकसान होत नाही, सगळ्यांच्या वाट्याची जागा सारख्याच प्रमाणात कमी झालीय.

मेनरोडचा_व्यापारी

गणित झालं असेल तर जरा धंद्याचं बोलू का?

ताई, आठ तिकिटांचा हिशोब मांडा. गल्ल्यात आले ८० रुपये. आठ फेऱ्यांत सरासरीने तीन लाल (३ रुपये), दोन पिवळे (१०), दोन निळे (२०), एक हिरवा (१००). वाटले १३३. दर आठ तिकिटांमागे ५३ रुपये खिशातून. शंभर तिकिटं विकली तर साडेसहाशेच्या वर खड्डा. पोरी जितक्या जोरात ओरडून गिऱ्हाईक बोलावतील तितका तोटा जास्त!

हिरव्याचं बक्षीस ३० रुपयांवर आणा. मग ३ + १० + २० + ३० म्हणजे ६३. आठ तिकिटांमागे १७ रुपये उरले, तिकिटामागे दोन रुपये आणि वर थोडे पैसे. वाचनालयासाठी आहे म्हणता तर पिवळ्यालाही गोळीच द्या, आणखी ८ रुपये वाचतील. पण माझं मत विचाराल तर देऊ नका. जवळजवळ रिकाम्या हाताने परत जाणारा गडी दुसरं तिकीट घेत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

माझी कंपासपेटी गेली. निषेध.

ठीक आहे, मी आठ तिकिटं घेतो. आठात एक हिरवा म्हणजे एकदा तरी तीस रुपयांची वस्तू पदरात पडणारच ना? आणि दोनच तिकिटं घेतली तरी २/८, म्हणजे पाव शक्यता.

निवृत्त_मास्तर

नाही पडणार, एक्सप्रेस. म्हणजे पडेलच असं नाही.

आधी दोन तिकिटं. पहिल्यांदा हिरवा हुकण्याची शक्यता ७/८, दुसऱ्यांदाही ७/८. एका फेरीचा दुसरीवर काही परिणाम नाही, म्हणून गुणाकार: ४९/६४. एकदा तरी हिरवा येण्याची शक्यता १५/६४. तुमचे २/८ म्हणजे १६/६४, एक घर जास्त झालं. ते जास्तीचं घर कुठलं? दोन्ही वेळा हिरवा येतो ते. तुम्ही ते पहिल्या फेरीतही मोजलंत आणि दुसरीतही.

बेरजेनेच जायचं तर आठ तिकिटांना ८/८ म्हणजे खात्री, आणि नऊ तिकिटांना ९/८! एकाहून मोठी शक्यता निघाली की वही मिटावी. आठ फेऱ्यांसाठी ७/८ ला स्वतःशीच आठदा गुणा, उत्तर ०.३४ च्या जवळ येतं. म्हणजे आठ तिकिटं घेणाऱ्या साधारण दर तिघांतला एक हिरव्याशिवाय घरी जाईल. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर पटतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे. मोठ्यांच्या डोक्यात "आठात एक" म्हणजे रांगेत नंबर लागल्यासारखं असतं.

स्पष्टच_बोलतो

सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. शाळेत सातवीच्या मुलींना दहा रुपये लावून चक्र फिरवायला शिकवताय. याला आमच्याकडे जुगार म्हणतात. गणित शिकवायला फासे, पत्ते, चक्र याशिवाय दुसरं काही नाही का?

द्राक्षबाग_निफाड

@स्पष्टच_बोलतो, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. तिकीट घेऊन काहीच न मिळणं आणि प्रत्येकाला निदान गोळी मिळणं यात मला फरक वाटतो, पण शाळेला आधी विचारलेलं बरं.

मात्र गणिताने हे सगळं शिकलंच जुगारातून. पास्कल आणि फर्मा यांचा १६५४ चा प्रसिद्ध पत्रव्यवहार अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे यावरच होता. आणि आपल्या वनपर्वातला नल आठवा. भाऊ पुष्कराशी द्यूतात राज्य घालवलं, पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने अंदाजून सांगितली, नलाने मोजून खात्री केली आणि त्याच्याकडून अक्षविद्या (फाशांची विद्या) घेतली. मग पुष्कराला पुन्हा डावावर बसवून राज्य परत मिळवलं. न समजता खेळला तेव्हा गेला, समजून खेळला तेव्हा आला. आम्ही बागाईतदार दरवर्षी छाटणीची तारीख ठरवतो तेव्हाही पावसाशी हेच खेळत असतो, फक्त तिथे चक्राचे भाग कुणी रंगवून देत नाही.

स्पष्टच_बोलतो

नलाने राज्य परत मिळवलं तेही जुगारातच. असो. शाळेला विचारा हे पटलं.

सिन्नरफाटा_ते_पुणे

सॉफ्टवेअरमधला म्हणून थोडं वेगळं. मोबाइलवर "चक्र फिरवा, बक्षीस जिंका" येतं ना, तिथे मास्तरांचं कोनाचं गणित लावू नका. चित्रात आठ सारखे भाग असतात, पण निकाल प्रोग्रॅमने आधीच काढलेला असतो आणि चक्र त्या भागापाशी थांबेल असं फक्त दाखवलं जातं. मोठ्या बक्षिसाच्या भागाला दहा हजारात एक वजन दिलं तरी चित्रात तो तेवढाच रुंद दिसणार. प्लायवूडचं चक्र निदान समोर दिसतं, त्याचा तोल बघता येतो. आपल्या मुलांना हा फरक दाखवाच.

सातपूरकर

एक शंका. पोरींनी घरी चक्र फिरवून नोंदी केल्या आणि ३/८ आलंच नाही तर? आमच्याकडे तेच झालं आणि चिरंजीव म्हणाले, पुस्तक चुकीचं आहे.

निवृत्त_मास्तर

बरोबर ३/८ येईल अशी अपेक्षाच धरू नका. ८० फेऱ्या केल्या तर लाल ३०, निळे २०, पिवळे २०, हिरवे १० ही अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात लाल २६ आले काय की ३४ आले काय, काहीच विशेष नाही. इथे प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) सव्वाचारच्या थोडं वर आहे. त्याच्या दुप्पट दोन्हीकडे धरा, म्हणजे अंदाजे २१ ते ३९. लाल त्याबाहेर गेला तर मी फिटरसाहेबांना बोलावेन, पुस्तकाला दोष देणार नाही.

फेऱ्या वाढल्या की गुणोत्तर अपेक्षित किमतीकडे सरकतं. याकोब बर्नुलीची ही सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापली गेली. प्रत्यक्ष करून बघणारेही निघाले. केरिच नावाचा गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होता, तिथे त्याने नाणं १०,००० वेळा उडवलं. छापे आले ५,०६७. निम्म्यापेक्षा ६७ जास्त, तरी गुणोत्तर ०.५०६७. फरक आकड्यात मोठा दिसतो आणि गुणोत्तरात नगण्य, ही गंमत चिरंजीवांना दाखवा.

(विषय सोडून: देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी ६१७४ हा आकडा (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो तो) जगाला दिला, तोही असाच हाताने आकडेमोड करत. आपल्या गावात हात चालवून गणित करण्याची परंपरा आहे म्हणायची.)

मेनरोडचा_व्यापारी

मास्तर, मग माल किती भरायचा ते सांगा. शंभर तिकिटं धरली तर हिरवे साडेबारा. मी तेरा वस्तू आणल्या आणि चौदावा हिरवा आला तर गिऱ्हाईक कॉलर धरेल.

निवृत्त_मास्तर

वीस आणा. शंभर फेऱ्यांत वीसहून जास्त हिरवे येणं क्वचितच घडेल. आणि उरलेला माल परत घेणारा दुकानदार गाठा, तुम्हीच आहात की!

शेवटी शेवटी गर्दीतून हमखास ऐकू येईल, "बराच वेळ हिरवा आला नाही, आता येणारच." चक्राला आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या चक्रावर ओळीने २६ वेळा काळा आला. आता लाल येणारच म्हणून लोक लाखो लावत गेले आणि धुपले. त्या चक्रात ३७ घरं, १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. म्हणजे प्रत्येक फेरीत लालची शक्यता १८/३७, निम्म्याहून जराशी कमीच. पंचविसाव्या काळ्यानंतरही तेवढीच.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेला विचारलं, "पैशाऐवजी कूपन चालवा आणि प्रत्येकाला काहीतरी मिळू द्या" या अटीवर परवानगी मिळाली. हिरव्याला तीस रुपयांची वॉटरकलरची पेटी ठरलीय.

पण आता नवीनच खूळ निघालंय. दुसऱ्या गटाला इंद्रधनुष्याचं चक्र हवंय, सात रंगांचं, सगळ्यांची शक्यता सारखी. आठ भाग कागदाच्या घड्या घालून पडले, सात कसे पाडायचे? ३६० ला सातने भाग जात नाही.

सातपूरकर

कोनमापकाने साडेएक्कावन्न अंशांचे सहा भाग पाडा, सातवा आपोआप एक्कावन्नाचा उरेल. अर्ध्या अंशाने कुणाला काय कळतंय.

अंबडचा_फिटर

शाळेच्या कोनमापकावर अर्धा अंश धरून दाखवा, मग बोलू.

निवृत्त_मास्तर

सात सारखे भाग कंपास-पट्टीने अचूक पाडता येत नाहीत, हे गणिताने सिद्धच झालंय. पण पाडायची गरजच काय? घड्या घालून आठ भाग पाडा, सातांत रंग भरा, आठवा पांढरा सोडा. पांढरा आला की पुन्हा फिरवायचं. उरलेले सातही रंग एकमेकांना सारखेच, म्हणजे प्रत्येकाची शक्यता बरोबर १/७. अंबडकरांचा रेघेचा नियमच आहे हा, फक्त रेघ ४५ अंशांची केली.

पंचवटी_एक्सप्रेस

आणि पांढरंच येत राहिलं तर? संध्याकाळपर्यंत फिरवत बसायचं?

निवृत्त_मास्तर

ओळीने तीनदा पांढरं येण्याची शक्यता १/५१२. तुम्ही रांगेत असाल तर तेवढं होऊ शकतं.